मर्जचा अधिकार आणि नोडचा नकार

प्रश्न असा आहे: ज्या ब्लॉकचेनचा कोड कोणीही वाचू शकतो आणि ज्यात कोणीही बदल सुचवू शकतो, ती वाईट हेतूच्या किंवा बेपर्वा डेव्हलपरपासून सुरक्षित कशी राहते? एखाद्याने चार ओळी गुपचूप घुसडून सगळ्यांचे पैसे आपल्याकडे वळवायचे ठरवले, तर त्याला अडवणार कोण? मी अनेक वर्षे नोडचे, म्हणजे ब्लॉकचेनच्या नेटवर्कमध्ये जोडलेल्या संगणकांवर चालणारे, सॉफ्टवेअर लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेले तपासण्याचे काम करत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण ‘कोड खुला आहे, म्हणून सुरक्षित आहे’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे आणि काही वेळा घातकही ठरते.

कोड रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सामाईक कोडसाठ्यात) मर्ज झाला, म्हणजे समाविष्ट झाला, की तो नेटवर्कवर चालू लागतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात या दोन टप्प्यांच्या मध्ये हजारो लोकांचे स्वतंत्र निर्णय उभे असतात. बिटकॉइनचे नेटवर्क म्हणजे जगभर चालणारे नोड, आणि प्रत्येक नोडवर त्याच्या मालकाने स्वतः निवडून बसवलेली आवृत्ती चालते. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य नोड-सॉफ्टवेअरमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. ती असती, तर अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरची किल्ली ज्याच्या हाती त्याच्याच हाती सगळे नेटवर्क गेले असते. शिवाय प्रत्येक नोड आलेला प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा; असे ब्लॉक जोडून साखळी बनते) स्वतः तपासतो: डिजिटल सह्या बरोबर आहेत का, खर्च होत असलेले नाणे आधीच खर्च झालेले नाही ना, नव्याने निर्माण झालेली रक्कम नियमात बसते का. नियम मोडणारा ब्लॉक कितीही नामवंत माणसाकडून आला तरी नोड तो टाकून देतो. मर्जचा अधिकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या लोकांकडे असतो, पण नकाराचा अधिकार नोड चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असतो. माझ्या मते साऱ्या सुरक्षेचा पाया हाच आहे.

हा नकार नुसता कागदावरचा नाही. मे २०१७ मध्ये ५० हून अधिक कंपन्यांनी आणि ८० टक्क्यांहून अधिक मायनिंग शक्तीच्या (नवे ब्लॉक बनवणाऱ्या मायनरांच्या संगणकीय ताकदीच्या) प्रतिनिधींनी एकत्र येऊन बिटकॉइनच्या ब्लॉकचा आकार दुप्पट करण्याचा करार केला. सेगविट-टू-एक्स या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या योजनेसाठी वेगळे सॉफ्टवेअरही तयार झाले. पैसा, यंत्रसामग्री आणि स्वतःचे डेव्हलपरही त्यांच्याकडे होते, मात्र नोड चालवणाऱ्यांचा पुरेसा पाठिंबा नव्हता, आणि ८ नोव्हेंबर २०१७ रोजी ती योजना मागे घ्यावी लागली. आकार वाढवणे योग्य होते की अयोग्य, या वादात मी इथे शिरत नाही. एवढे मोठे गठबंधन जे करू शकले नाही ते एकटा लबाड डेव्हलपर केवळ मर्जचे बटण दाबून करू शकणार नाही, इतकेच या घटनेवरून लक्षात घ्यावे.

जिथे असा एकहाती अधिकार शिल्लक होता, तिथे तो हळूहळू काढून टाकला गेला. सुरुवातीच्या काळात बिटकॉइनमध्ये इशारा देण्याची एक यंत्रणा होती. एका विशिष्ट गुप्त डिजिटल किल्लीने सही केलेला संदेश सगळ्या नोडवर झळकत असे, आणि ती किल्ली मोजक्या लोकांकडे होती. हेतू चांगला होता, पण किल्ली चोरीला गेली तर काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. २०१६ मध्ये ती यंत्रणा सॉफ्टवेअरमधून काढण्यात आली आणि २०१८ मध्ये ती किल्लीच जाहीर करून टाकण्यात आली, म्हणजे तिला कोणतेही महत्त्व उरू नये.

आता कोड आत कसा येतो ते पाहू. गंभीरपणे चालवल्या जाणाऱ्या प्रकल्पात सुचवलेला बदल अनेक जण वाचतात, आपापल्या मशीनवर चालवून पाहतात आणि कोणत्या कमिटला (बदलाच्या नोंदीला) संमती दिली ते नेमके नोंदवतात. त्यानंतर मेंटेनर (मर्जचा अधिकार असलेली व्यक्ती) स्वतःच्या किल्लीने सही करून तो मर्ज करतो, आणि त्या सह्या नंतर कोणालाही तपासता येतात. कोडच्या सगळ्या भागांना सारखीच कडक वागणूक मिळत नाही आणि मिळूही नये. पडद्यावरच्या खिडकीच्या रचनेतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, पण ब्लॉक वैध की अवैध हे ठरवणाऱ्या भागातली चूक साखळीचे दोन तुकडे करू शकते. म्हणूनच त्या भागात ‘कोड जरा नीटनेटका केला आहे, वागणूक तीच आहे’ असे सांगणारा बदल आला की अनुभवी रिव्ह्यूअर (इतरांचा कोड तपासणारा) अधिक सावध होतो. वागणूक खरोखर तीच आहे का, हे सिद्ध करणे नवी सोय लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

वाचलेला कोड आणि प्रत्यक्ष चालणारी फाइल यांच्यामध्येही एक दरी असते, आणि हुशार हल्लेखोर तिथेच दबा धरून बसतो. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ सालीच दाखवून दिले होते की मूळ कोड निर्दोष असला तरी कंपायलर (मूळ कोडपासून चालणारी फाइल बनवणारा प्रोग्रॅम) दूषित असेल तर तयार होणारा प्रोग्रॅम दूषित निघू शकतो. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेले एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकरण याच दरीतले आहे. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोनेक वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मेंटेनरपद मिळाल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा ठेवला. त्याचा काही भाग चाचणीच्या फाइलींमध्ये लपवलेला होता, पण तो कामाला लावणारी बिल्डची (कोडपासून फाइल तयार करण्याची) स्क्रिप्ट फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, रिपॉझिटरीत नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचे (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या सोयीचे) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आहे एवढे जाणवले, आणि त्यांनी त्याचा पाठपुरावा केला म्हणून ते सापडले.

या दरीवरचा उपाय ब्लॉकचेनच्या जगाने बऱ्याच आधी अंगीकारला होता. बिटकॉइन कोअरची प्रत्येक आवृत्ती एकमेकांपासून स्वतंत्र असलेले अनेक जण आपापल्या मशीनवर त्याच मूळ कोडपासून तयार करतात. त्यातून निघणारी फाइल अक्षरशः बिट-न्-बिट सारखी यावी लागते. प्रत्येक जण तिचा हॅश (फाइलचा बोटाच्या ठशासारखा ओळखआकडा) काढून त्यावर सही करून तो प्रसिद्ध करतो, आणि हॅश जुळले तरच आवृत्ती ग्राह्य मानली जाते. आधी यासाठी गिटियन नावाची व्यवस्था होती. २०२१ मधील २२.० या आवृत्तीपासून गिक्स वापरले जाते, ज्यात कंपायलरसुद्धा अगदी लहानशा पायापासून पुन्हा बांधत आणण्याचा प्रयत्न असतो. एका मेंटेनरचा संगणक हॅकरच्या ताब्यात गेला तर त्याचा हॅश इतरांशी जुळणार नाही आणि गडबड लगेच डोळ्यावर येईल. अर्थात वापरणाऱ्याने फाइल उतरवल्यावर सह्या आणि हॅश ताडून पाहिलेच नाहीत, तर या सगळ्या मेहनतीचा त्याला उपयोग नाही.

आतापर्यंत लबाडीबद्दल बोललो. पण बिटकॉइनच्या इतिहासातले सर्वांत धोकादायक बग सद्हेतूने काम करणाऱ्या सक्षम लोकांच्या हातून आलेले आहेत, आणि त्यातला एक जवळून पाहण्यासारखा आहे.

एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा खर्च केलेले नाही ना, हे नोड तपासतो. २०१६ च्या अखेरीस कोणाच्या तरी लक्षात आले की ही तपासणी दोन ठिकाणी होते. ब्लॉक लवकर पडताळला जावा म्हणून ब्लॉकसाठीची पहिली तपासणी वगळण्यात आली, कारण पुढे नाणे खर्ची पडते त्या ठिकाणी चूक पकडली जाईलच, असा समज होता. तो समज अर्धवट खरा होता. ०.१४ या आवृत्तीत असा ब्लॉक आला असता तर नोड क्रॅश होऊन बंद पडला असता, जे वाईट होते, पण निदान खोटे नाणे स्वीकारले गेले नसते. नंतर ०.१५ मध्ये नाण्यांची नोंद ठेवण्याची पद्धत बदलली. तो बदल स्वतंत्रपणे पाहता उत्तम होता. मात्र त्यामुळे दुसऱ्या ठिकाणची ती पकड काही परिस्थितीत सुटली आणि एखादा मायनर तेच नाणे दोनदा खर्च करून हवेतून बिटकॉइन निर्माण करू शकेल, अशी वाट उघडली. एकूण बिटकॉइनची २ कोटी १० लाखांची मर्यादा, जिच्यावर साऱ्या व्यवस्थेचा विश्वास उभा आहे, ती वर्षभर या एका गैरसमजावर टेकून होती. दोन्ही बदल रिव्ह्यू झाले होते. दोन्ही वाचणारे जाणकार होते. चूक एका बदलात नव्हती, ती दोन बदलांच्या सांध्यात होती, आणि रिव्ह्यू करताना आपल्या समोर एका वेळी एकच बदल असतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये हा बग बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी साखळीवर काम करणाऱ्या एका डेव्हलपरने शोधला आणि जबाबदारीने खासगीत कळवला. दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, ०.१६.३ ही दुरुस्त आवृत्ती आली. त्या वेळी जाहीर करताना केवळ नोड बंद पडण्याचा धोका सांगितला गेला. खोटी नाणी निर्माण होण्याचा भाग पुरेशी मायनिंग शक्ती नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर, दोन दिवसांनी उघड केला गेला. अर्धे सत्य सांगणे मनाला पटत नाही हे मला मान्य आहे, पण त्या परिस्थितीत मीही तेच केले असते.

माझ्या स्वतःच्या हातून सुटलेली एक चूक सांगतो. एका नेटवर्कच्या नोडवर काम करताना एका तरुण सहकाऱ्याने व्हॅलिडेटरांना (ब्लॉक तपासून मान्य करणाऱ्यांना) बक्षीस वाटण्याचा कोड लिहिला होता. भागाकार करून वाटप झाल्यावर उरलेली किरकोळ रक्कम यादीतल्या शेवटच्या व्हॅलिडेटरला द्यायची, असा नियम होता. कोड गो भाषेत होता आणि यादी मॅप नावाच्या माहिती साठवण्याच्या रचनेत ठेवलेली होती. गोमध्ये मॅपवरून फिरताना क्रम दर वेळी बदलतो, तो मुद्दामच तसा ठेवलेला आहे. त्यामुळे ‘शेवटचा व्हॅलिडेटर’ प्रत्येक नोडवर वेगळा निघत होता. मी तो कोड दोनदा वाचला, हिशेब तपासला, हिशेब अचूक होता, आणि मी मंजुरी दिली. चाचण्याही पास झाल्या, कारण चाचणीत दोनच व्हॅलिडेटर होते आणि रकमा सम होत्या, त्यामुळे बाकी उरतच नव्हती. टेस्टनेटवर (चाचणीसाठीच्या नेटवर्कवर) पहिल्याच वाटपाला नोडांचे हॅश जुळेनासे झाले आणि साखळी जागच्या जागी थांबली. दुरुस्ती एका ओळीची होती: आधी पत्त्यांप्रमाणे क्रम लावायचा. तेव्हापासून सहमतीच्या कोडमध्ये, म्हणजे सगळ्या नोडांचे उत्तर एकच यावे लागते त्या भागात, मॅपवरचा लूप, दशांश अपूर्णांक, मशीनचे घड्याळ किंवा यादृच्छिक संख्या दिसली की मी पुढे वाचायच्या आधी थांबतो. आमच्या सुदैवाने ही घटना टेस्टनेटवर घडली. नवा कोड आठवडेच्या आठवडे खऱ्या पैशाशिवाय चालवून पाहण्याला पर्याय नाही.

एकाच नेटवर्कसाठी वेगवेगळ्या चमूंनी लिहिलेली वेगवेगळी सॉफ्टवेअर असणे, ही आणखी एक तटबंदी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर हल्ला झाला तेव्हा गेथ या सॉफ्टवेअरचे नोड मेमरी संपून कोसळू लागले, पण पॅरिटी हे दुसरे सॉफ्टवेअर चालवणारे नोड सुरू राहिले आणि नेटवर्क बंद पडले नाही. एका चमूची चूक सहसा दुसऱ्या चमूच्या कोडमध्ये त्याच जागी नसते. मात्र या उपायाची किंमत आहे. दोन सॉफ्टवेअरमध्ये बारीकसा फरक राहिला तर साखळी फुटते, आणि एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांमध्येही हे घडू शकते. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ आवृत्तीने डेटाबेस बदलला. जुन्या डेटाबेसमध्ये लॉकच्या (एका वेळी अडवून ठेवता येणाऱ्या नोंदींच्या) संख्येवर एक मर्यादा होती, जी नियम म्हणून कोणी कधी लिहिलीच नव्हती. ब्लॉक क्रमांक २,२५,४३० नव्या नोडांनी स्वीकारला, अनेक जुन्या नोडांना तो झेपला नाही, आणि काही तास दोन साखळ्या चालल्या. शेवटी मायनरांना समजावून जुन्या आवृत्तीवर परत आणावे लागले. तसे आदेशाने करण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

अनेक डोळे असले की बग टिकत नाही, हे सूत्र मी जपून वापरतो. झीकॅश या व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या नाण्याच्या गणितातला एक दोष मुळात एका शोधनिबंधात होता आणि तो अनेक वर्षे सर्वांसमोर पडून होता. त्याच्या आधारे कोणालाही कळू न देता खोटी नाणी बनवता आली असती. मार्च २०१८ मध्ये झीकॅश कंपनीतल्याच एका गणितज्ञाला तो सापडला, ऑक्टोबरमधल्या अपग्रेडमध्ये तो शांतपणे काढला गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. ते गणित समजू शकणारे डोळे जगात मोजकेच होते. वाचायला कोणालाही मोकळीक असणे आणि समर्थ माणसाने ते खरोखर वाचणे, यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पैसे आणि वेळ देऊनच भरून निघते.

आता जिथे हे संरक्षण लागूच पडत नाही त्या भागाकडे येतो. वापरणाऱ्यांचे पैसे खऱ्या अर्थाने जातात ते बहुतेक इथेच. साखळीचा गाभा बदलायला हजारो नोडांची संमती लागते, पण त्या साखळीवर चालणारा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (पैसे आपोआप हाताळणारा प्रोग्रॅम) अपग्रेड करता येण्याजोगा असेल, तर तो बदलायला एक किल्ली पुरते. मार्च २०२४ मध्ये ब्लास्ट नेटवर्कवरच्या मंचेबल्स या खेळातून सुमारे १७,४०० इथर (इथेरियमचे नाणे), म्हणजे सव्वासहा कोटी डॉलर नेले गेले. हे काम प्रकल्पाने कामावर घेतलेल्या डेव्हलपरचेच होते. त्याने आधी एक तात्पुरता कोड लावून कॉन्ट्रॅक्टच्या साठवणीत आपल्या नावावर १० लाख इथर जमा असल्याची नोंद करून ठेवली, आणि मग त्या जागी स्वच्छ दिसणारा कोड आणला. नंतर कोड वाचणाऱ्याला त्यात काहीही वावगे दिसले नसते, कारण चोरी कोडमध्ये नव्हती, ती आधीच लिहून ठेवलेल्या आकड्यात होती. पुढे त्याने किल्ल्या परत केल्या आणि पैसे वाचले, पण त्या बचावाचे श्रेय कोणत्याही व्यवस्थेला देता येत नाही.

बेपर्वाईचे उदाहरण नोमॅड या ब्रिजचे, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सेवेचे. एका अपग्रेडमध्ये विश्वासू मूळ-हॅश (ज्याच्याशी संदेश ताडून पाहायचा तो आकडा) म्हणून शून्य ही किंमत भरली गेली. सिद्ध न झालेल्या संदेशाचीही डीफॉल्ट किंमत शून्यच असल्याने प्रत्येक संदेश सिद्ध झाल्यासारखा मानला जाऊ लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये एकाने ते हेरले, इतरांनी त्याचा व्यवहार जसाच्या तसा उचलून फक्त पत्ता बदलला, आणि सुमारे १९ कोटी डॉलर काही तासांत रिकामे झाले.

तिसरी कमकुवत जागा म्हणजे उसने घेतलेला कोड आणि वेबपान. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या) थकलेल्या मेंटेनरने ते एका अनोळखी इच्छुकाकडे सोपवले, आणि त्याने कोपे या वॉलेटमधली नाणी लक्ष्य करणारा कोड त्यात ओवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेव्हा साखळी शाबूत होती आणि कॉन्ट्रॅक्टही शाबूत होता. बायबिट वापरत असलेल्या सेफ वॉलेटच्या एका डेव्हलपरच्या संगणकात शिरून हल्लेखोरांनी वेबपानावरची जावास्क्रिप्ट बदलली होती, त्यामुळे सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती.

त्यामुळे कोणी मला एखादे नेटवर्क किंवा प्रकल्प सुरक्षित आहे का असे विचारले, तर मी आधी कोड उघडत नाही. चालू असलेला कोड आज रात्री कोण बदलू शकतो, त्यासाठी किती सह्या लागतात आणि त्या सह्या खरोखर वेगवेगळ्या लोकांच्या, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या आहेत का, हे पाहतो. अपग्रेड जाहीर झाल्यापासून लागू होईपर्यंत किती दिवसांची सक्तीची मुदत आहे, म्हणजे न पटल्यास वापरणाऱ्याला आपले पैसे काढून घेता येतील का, हे पाहतो. साखळीवरचा कॉन्ट्रॅक्ट कोड प्रसिद्ध केलेल्या कोडशी जुळतो का, आणि मंचेबल्सनंतर न चुकता, त्याच्या साठवणीतले सुरुवातीचे आकडे काय आहेत, हे पाहतो. मग गेल्या वर्षभरातले मर्ज काढून बसतो आणि सहमतीच्या भागातला एखादा मोठा बदल निवडतो. त्यावर कोणी खोलवर प्रश्न विचारले आहेत, लेखकाला दोन-तीनदा माघारी पाठवले आहे, एखाद्याने स्वतः लिहिलेली चाचणी जोडली आहे, असे आढळले तर पुढचा कोड वाचायला घेतो. दोन हजार ओळींच्या बदलाखाली वीस मिनिटांत एका शब्दाची मंजुरी दिसली, तर तो प्रकल्प मी तिथेच बाजूला ठेवतो.